जखम कुणाची, तसवीर कुणाची?

खानदेशातल्या सर्वसाधारण मुस्लिम घरात बाईचे फोटो कोणकोणते सापडतात? निकाहच्या वेळचा एक, आधार कार्डावरचा एक, नशिबात असेल तर उमराहच्या पासपोर्टवरचा एक. अलीकडे मोबाईलमुळे लग्नकार्याच्या गर्दीतले पुष्कळ. तसवीर जायज की नाजायज, या वादात मला शिरायचे नाही. सरकारी कागदांनी तो केव्हाच मागे टाकला आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. यांपैकी किती फोटो तिने स्वतःचे काही सांगण्यासाठी काढून घेतले?

स्तनाच्या कॅन्सरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. आपल्याकडे या आजाराचे नावसुद्धा घेतले जात नाही. ‘छातीत गाठ’ एवढेच, तेही दबक्या आवाजात. हया, मुलींच्या रिश्त्याची काळजी, पुरुष डॉक्टरपुढचा संकोच आणि खर्चाची धास्ती, ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गाठ दुखत नाही म्हणून बाई गप्प बसते, आणि या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीतच. भारतात अनेक स्त्रिया डॉक्टरपर्यंत पोहोचतात तेव्हा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. मग जळगावहून किंवा धुळ्याहून परळच्या टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू होतात. बरी होऊन परतलेली बाईही त्याबद्दल बोलत नाही. त्यामुळे गल्लीतल्या दुसरीला वाटते, यातून कुणी वाचतच नाही. बऱ्या झालेल्या स्त्रीचा चेहरा समाजापुढे येणे म्हणूनच गरजेचे आहे. जगात काही ठिकाणी छायाचित्रांनी हे काम केले आहे. ते कसे केले, हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

पहिले नाव घ्यावे लागते ते ब्रिटनच्या जो स्पेन्स यांचे. लंडनमध्ये लग्नाचे आणि घरगुती फोटो काढणारा साधा स्टुडिओ त्या काही वर्षे चालवत होत्या. १९८२ साली त्यांना स्तनाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले. ऑपरेशनपूर्वी त्यांनी स्वतःच्या स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असे लिहून फोटो काढून घेतला. पुढे वॉर्डातही त्यांनी कॅमेरा नेला आणि राऊंडवर आलेल्या डॉक्टरांचा फोटो खाटेवरून काढला. डॉक्टरने पाहायचे आणि रुग्णाने पाहून घ्यायचे, हा रिवाज त्यांनी उलटा केला. त्या प्रश्नचिन्हात सगळे आले. हे शरीर कुणाचे? डॉक्टरचे, नवऱ्याचे, की माझे?

त्यानंतर १५ ऑगस्ट १९९३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकाने मातुश्का या कलावंत स्त्रीचे स्वतः काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. पांढरा पोशाख एका बाजूने उघडा, आणि तिथे स्तन काढल्याचा व्रण. वाचकांची स्तुतीची पत्रे आली, तशी संतापाचीही आली. पुढे डेव्हिड जे या फॅशन छायाचित्रकाराने ‘स्कार प्रोजेक्ट’मध्ये तरुण स्त्रियांची अशीच मोठी छायाचित्रे केली. गुलाबी फितीच्या गोडगोड प्रचाराला ते उत्तर होते.

या कामाचे मोल मान्य करूनही दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात. पहिला असा की मातुश्का पूर्वी मॉडेल होत्या, आणि जे यांच्या स्त्रिया पस्तिशीच्या आतल्या. तरुण देह आणि स्टुडिओचा प्रकाश यांच्या आधाराने व्रण सुंदर दिसतो. पन्नाशीतली, थकलेली, रसायनांनी नखे काळी पडलेली बाई त्यांत कुठे आहे? दुसरा आक्षेप ‘झुंज’ आणि ‘मात’ या भाषेबद्दल आहे. अशा छायाचित्रांभोवती ती हटकून येते. मग जी वाचली नाही ती काय कमी शूर होती? तिच्याबाबतीत उशीर, अंतर आणि पैसा यांनी निकाल दिलेला असतो.

आपल्या जवळचे उदाहरण अभिनेत्री हिना खान यांचे. जून २०२४ मध्ये त्यांनी स्तनाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात असल्याचे जाहीर केले. केस कापतानाची चित्रफीत त्यांनी लोकांपुढे ठेवली. त्यात त्यांच्या आईचा काश्मिरीतला आकांत ऐकू येतो. त्यांच्याजवळ साधने होती, प्रसिद्धी होती, हे खरेच. पण ऑक्टोबरमध्ये त्यांनी टाकलेले एक छायाचित्र मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटते. त्यात फक्त एक डोळा आहे आणि उपचारांत झडून उरलेली शेवटची पापणी. स्तन नाही, व्रण नाही, तरीही आजार पुरता कळतो. नकाबातही जो दिसतो तेवढाच भाग त्यांनी निवडला आणि सर्व काही सांगितले.

येथे आपल्याला वाट सापडते. लपवण्याने जीव जातो, पण त्याला उघडे करणे हाच एक पर्याय नाही. व्रण किती दिसला यावरून पोर्ट्रेटचे मोल ठरत नाही. काय दाखवायचे हे कुणी ठरवले, यावरून ते ठरते.

ज्या चाळीसगावावरून धुळ्याची गाडी मुंबईकडे वळते, तिथे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी कित्येक दशके घराच्या चार भिंतींत राहून छायाचित्रकला केली. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी देखावे उभे केले. घराबाहेर न पडताही तसवीर मोठी होते, याचा हा खानदेशी पुरावा आहे. आपल्या गल्लीतली, फोटो काढता येणारी मुलगी घरातच खालाची तसवीर का काढू शकणार नाही? ओढणीखालचा, नवे केस फुटलेला कपाळाचा काठ, ऑपरेशनच्या बाजूने पुन्हा वर उचलता येऊ लागलेला हात, शेजारी लेक. लेक हवीच, कारण स्तनाच्या कॅन्सरपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, हे रिश्ता मोडणाऱ्यांना समजले पाहिजे. खाली तिचे शब्द, तिच्याच खानदेशी उर्दूत किंवा अहिराणीत. फोटो कुठे लागेल, मोबाईलवर फिरेल की नाही, हे तिने ठरवावे. इजाजत दिली तशी ती परत घेण्याचा हक्कही तिचाच.

अशा तसविरी बायकांच्या इज्तिमात, उर्दू शाळेच्या पालकसभेत लागाव्यात. मात्र नुसत्या तसविरीने भागणार नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे भिंतीवर तसवीर आणि तिच्याशेजारी तपासणारी बाई, दोन्ही हवीत. तसवीर पाहून एखादी जरी त्याच दिवशी आडोशाला जाऊन ‘मलाही गाठ लागते’ असे म्हणाली, तरी ती तसवीर कारणी लागली.