ईयोबचे काव्य आणि विसंगतींची यादी

बायबलमधील परस्परविरोधी वचने शोधण्याची परंपरा मुस्लिम विद्वानांत जुनी आहे. अकराव्या शतकात कॉर्डोव्याच्या इब्न हज्म यांनी 'अल-फिसल' या ग्रंथात अशी कसून छाननी केली. १९७६ साली फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांच्या पुस्तकाने या चर्चेला विज्ञानाची जोड दिली. या छाननीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, काव्य वाचताना ही पद्धत पुरते का?

'ईयोब' हे पुस्तक घेऊ. ईयोब म्हणजे आपले हजरत अय्यूब (अ.). कुरआनात त्यांच्या सब्रचा उल्लेख थोडक्यात येतो. बायबलमध्ये त्यांच्यावर ४२ अध्याय आहेत आणि त्यांतला बहुतेक भाग काव्य आहे. त्यात एके ठिकाणी पृथ्वीला खांब आहेत (९:६), तर दुसरीकडे ती कशाचाही आधार नसताना टांगलेली आहे (२६:७). पुढे खुद्द ईश्वर बोलतो, तेव्हा पुन्हा पाया आणि कोनशिला येतात (३८:४-६).

टीकाकार म्हणतो, हे अज्ञान आहे. भाविक टांगलेली पृथ्वी उचलतो, तिच्यात आधुनिक खगोलशास्त्र पाहतो आणि खांबांविषयी गप्प राहतो. दोघेही या ओळींना भूगोलाचा धडा समजतात. पहिली दोन वचने ईयोबच्या तोंडची आहेत. खांब हादरतात, कारण दुःखाने खचलेल्या माणसाला ईश्वराच्या सामर्थ्याची धास्ती वाटते आहे. टांगलेली पृथ्वी बिल्ददला दिलेल्या उत्तरात येते. तिथे विश्वाच्या विस्तारापुढचा अचंबा आहे. ईश्वराच्या भाषणात पाया येतो तो प्रश्नाच्या रूपात: घर बांधले जात होते तेव्हा तू कुठे होतास? तिन्ही प्रतिमा आपापल्या जागी चोख आहेत.

मात्र सगळेच काव्यावर ढकलता येणार नाही. रानबकरी कधी विते हे आपल्यालाच ठाऊक, असे सुचवणारा ईश्वर (३९:१) थोड्याच ओळींनंतर शहामृगी अंडी मातीत टाकून विसरते असे सांगतो (३९:१३-१७). प्रत्यक्षात शहामृगाचे नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. कवीची माहिती त्याच्या काळातली होती, हे सरळ मान्य करावे. 'लेवीय'मध्ये (११:६) ससा रवंथ करणारा ठरवला आहे. तो तर आहाराचा नियम आहे, तिथे काव्याची ढाल चालत नाही. तरीही शहामृगीचा प्रसंग फसत नाही. वेडी ठरलेली तीच पक्षीण धावू लागली की घोडा आणि स्वार यांना हसते (३९:१८). माणसाच्या हिशेबात न बसणाऱ्या जिवालाही सृष्टीत जागा आहे, हेच ईयोबला ऐकवायचे आहे.

हा प्रश्न केवळ इतरांच्या ग्रंथाचा नाही. सूरह कहफमध्ये (१८:८६) जुलकरनैन यांना सूर्य चिखलमय झऱ्यात मावळताना दिसतो. ते वर्णन पाहणाऱ्याच्या नजरेतले आहे, असे इब्न कसीर यांनी स्पष्ट केले आणि आपण ते मानतो. वाचनाचा हा न्याय आपल्या ग्रंथापुरता राखून ठेवला, तर ती समीक्षा राहत नाही, वकिली होते. ईयोबलाही तो मिळायला हवा.