सीहॉक उडतं, पण मॉडेल बरोबर आहे का?

सिनॉप्सिसच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं मॉडेल बरोबर आहे हे कशावरून?" आणि आपल्यातले बहुतेक जण ठरलेलं उत्तर देतात, "डेटाशी जुळतंय ना, सर." हे उत्तर कुठे फसतं ते आज एका विमानावर बघू. विमान खरं आहे, पण मी तपासतोय ते त्याचं कॉम्प्युटरमधलं रूप.

हॉकर सीहॉक हे आपल्या नौदलाचं विमानवाहू नौकेवरचं पहिलं जेट. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम तहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. ४ डिसेंबर १९७१ ला याच नौकेवरून निघालेल्या सीहॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. जुनी विक्रांत २०१४ मध्ये भंगारात गेली. सीहॉक मात्र गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात अजून बघायला मिळतं. घोडेगावच्या माणसाला समुद्र काही जवळ नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना सीहॉक 'उडवायचं' तर फ्लाइटगिअर. हा सिम्युलेटर फुकट आहे आणि त्यातली प्रत्येक फाइल उघडून वाचता येते. संशोधनाच्या दृष्टीने हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

आधी चांगलं सांगतो. डेकवर विमान कॅटपल्टला जोडायचं, थ्रॉटल पूर्ण द्यायचा, धक्का बसतो आणि पुढच्या क्षणी खाली पाणी. उतरताना हुक खाली सोडायचा आणि तार पकडायची. ही सगळी कामं यात करता येतात. नौकेवरून उडणं म्हणजे काय भानगड आहे हे पुस्तकातून जेवढं कळतं त्यापेक्षा अर्ध्या तासात इथे जास्त कळतं. शिकवण्याचं साधन म्हणून माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती उड्डाणाच्या फाइलपासून. हे मॉडेल वायसिम नावाच्या पद्धतीवर चालतं. फ्लाइटगिअरमध्ये दुसरी पद्धत आहे जेएसबीसिम. तिला लिफ्ट, ड्रॅग वगैरे गुणांकांचे तक्ते लागतात, आणि पन्नासच्या दशकातल्या विमानाचे असे तक्ते घरबसल्या कुठून आणणार? वायसिमला ते लागत नाहीत. त्याला विमानाची मापं, वजन आणि इंजिन सांगायचं. शिवाय दोन स्थिती सांगायच्या: उतरताना वेग किती आणि पंखाचा हवेशी कोन किती, आणि क्रूझला उंची किती, वेग किती. मग त्याचा सॉल्व्हर लिफ्ट आणि ड्रॅग असे फिरवत बसतो की त्या दोन्ही स्थितींत विमान समतोल राहील. कल्पना हुशार आहे, यात वाद नाही.

आता गंमत बघा. समजा, मॉडेल तयार झालं. बनवणारा म्हणतो, "उतरतानाचा वेग अगदी मॅन्युअलप्रमाणे येतोय." येणारच ना! तोच आकडा आत टाकला होता. घोडेगावच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव बघितला असेल तर हे लगेच कळेल. व्यापारी वक्कलातली गोणी फोडून माल बघतो. ती गोणी त्याने स्वतः निवडली तर भाव खरा. शेतकऱ्यानेच आधी निवडून, निसून समोर ठेवलेली गोणी फोडली तर त्यावरून बाकीच्या पन्नास गोण्यांबद्दल काय कळणार? मॉडेल बसवायला वापरलेला आकडा म्हणजे ही पुढे ठेवलेली गोणी. याला कॅलिब्रेशन म्हणतात. व्हॅलिडेशनसाठी दुसरी गोणी लागते, हात न लावलेली.

बरं, हा फरक एवढा का उगाळायचा? कारण अशा मॉडेलला लोक प्रश्न विचारतात. माझाच प्रश्न घ्या. १९७१ मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक वापरता येत नव्हता आणि नौकेच्या वेगावर मर्यादा आली होती. विमानाला डेक सोडताना मिळणारा वेग म्हणजे कॅटपल्टचा धक्का, अधिक नौकेचा वेग, अधिक समोरचा वारा. नौका मंदावली तर विमानाला बॉम्ब किंवा इंधन कमी न्यावं लागतं. किती कमी? सिम्युलेटरमध्ये उडवून बघू, असं मला वाटलं होतं.

मग कागदावर हिशोब केला. सीहॉक एफजीए ६ चं कमाल वजन सुमारे ७,३२५ किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २५.८ चौरस मीटर. कमाल लिफ्ट गुणांक १.६ धरला (हा मी धरलेला आहे, कुठल्या कागदावरचा नाही) तर समुद्रसपाटीला स्टॉलचा वेग साधारण १०४ नॉट येतो. तोच गुणांक १.४ धरा, १११ नॉट. १.८ धरा, ९८ नॉट. म्हणजे माझ्या एका अंदाजाने १३ नॉटचा फरक पडतो! उलट, बॉयलरमुळे नौकेचा वेग दहा नॉटनी घटला असं धरलं तरी तो फरक या १३ च्या आतच. आपण जे शोधतोय ते आपल्याच अंदाजाच्या जाडीत बुडालं.

आणि फाइलमध्ये हा अंदाज कुठे लपलेला असतो? वायसिममध्ये पंखाच्या वर्णनात 'स्टॉल' नावाची एक ओळ असते. कोन, रुंदी आणि शिखर असे तीन आकडे. हे सॉल्व्हर शोधून देत नाही, माणूस लिहितो, आणि बरेचदा अंदाजानेच लिहितो. हजारो त्रिकोणांचं सुबक बाह्यरूप, कॉकपिटमधला एकेक काटा, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र या एका ओळीवर. कॅटपल्टवरून सुटलेलं विमान स्टॉलच्या जवळच असतं, म्हणून इथे ही ओळ निर्णायक. क्रूझला तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. अशा मॉडेलवर भारतीय नौदलाचे रंग आणि बिल्ले चढवले की आपल्याला ते 'आपलं' वाटतं. पण आपल्याकडची सगळी सीहॉक सारखी नव्हती. काही ब्रिटनकडून आली, आणि १९६० च्या दशकात २८ विमानं पश्चिम जर्मन नौदलाची आली, मार्क १०० आणि १०१. त्यांची शेपटीची उभी फिन आणि रडर एफजीए ६ पेक्षा उंच होते. फिन बदलली की दिशेची स्थिरता बदलते, आडव्या वाऱ्यातलं वागणं बदलतं. रंग बदलून फक्त फोटो भारतीय होतो. (सामाजिक शास्त्रवाल्यांनो, परदेशी प्रश्नावलीचं नुसतं मराठी भाषांतर करता, तेव्हा काय होतं ते आठवा.)

नौकेचंही तेच. सिम्युलेटरमध्ये सहज मिळते ती निमिट्झ, लांबी ३३० मीटरच्या वर. विक्रांत सुमारे २१३ मीटर, कॅटपल्ट एकच. निमिट्झवरून सीहॉक सुखरूप उडालं यावरून विक्रांतबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

मग मॉडेल टाकून द्यायचं का? नाही. मी असं करतोय: जुन्या विमानांच्या 'पायलट्स नोट्स' नावाच्या पुस्तिकांमध्ये वेगवेगळ्या वजनांचे स्टॉलचे वेग दिलेले असतात. सीहॉकचे ते वेग फाइलमध्ये अजिबात टाकायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. मॉडेल बाकीच्या आकड्यांवर बसवायचं आणि मग विचारायचं, तुझा स्टॉल कितीला येतो? दोन-तीन नॉटच्या आत आला तर १९७१ चा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. दहाने चुकला तर तो प्रश्न या मॉडेलचा नाही, आणि प्रबंधात तसं लिहायचं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. फाइलची प्रत काढा, उतरतानाचा वेग फक्त पाच नॉटनी बदला, सॉल्व्हर पुन्हा चालवा आणि त्याच वजनाने, त्याच डेकवरून दहा वेळा उडवा. मग स्टॉलच्या ओळीतला कोन एका अंशाने बदलून पुन्हा दहा वेळा. दोन्ही रकाने शेजारीशेजारी मांडा, आणि पुढच्या वेळी गाइडकडे जाताना तो कागद बरोबर न्या.