इंग्रजीतील सब्जंक्टिव्ह : ऱ्हासाच्या कथेची फेरतपासणी

इंग्रजीच्या इतिहासलेखनात सब्जंक्टिव्ह या आख्यातार्थाची कथा बहुधा ऱ्हासाची कथा म्हणून सांगितली जाते. फाउलर यांनी १९२६ साली आपल्या भाषाप्रयोगकोशात काही ठराविक प्रयोग वगळता तो मरणपंथास लागल्याचे नोंदविले. मात्र या निदानात रूप आणि अर्थ यांची गल्लत झालेली दिसते.

प्राचीन इंग्रजीत या अर्थाची एकवचनी ‘-ए’ व अनेकवचनी ‘-एन’ अशी स्वतंत्र रूपे होती. इच्छा, आज्ञा, अट आणि परोक्त कथन ही त्यांची क्षेत्रे होत. मध्ययुगीन इंग्रजीत आघातहीन अंत्याक्षरे झिजली, अंत्य ‘न’ लोपला आणि स्वार्थाशी असलेला रूपभेद पुसट झाला. ‘इफ आय वेअर’मधील ‘वेअर’ हा त्याचाच अवशेष होय. मोकळी झालेली जागा ‘शुड’, ‘वुड’, ‘मे’, ‘माइट’ या सहायक क्रियापदांनी व्यापली. त्यांचा असा वापर प्राचीन इंग्रजीतच सुरू झाला होता.

या प्रक्रियेकडे मराठीच्या बाजूने पाहणे उद्बोधक ठरते. जर्मानिक सब्जंक्टिव्हची रूपे मूळ इंडो-युरोपीय इच्छार्थापासून आली आहेत. म्हणजे त्यांचे नाते वेदोत्तर काळात लुप्त झालेल्या लेट् लकाराशी नसून विधिलिङाशी आहे. विधिलिङाची रूपे मराठीतही उरली नाहीत. ‘करावे’ हे ‘-तव्य’ प्रत्ययान्त कृदन्तापासून, तर ‘असता’ हे वर्तमानकालवाचक कृदन्तापासून सिद्ध झाले. तरीही मराठीचा विध्यर्थ वा संकेतार्थ मृत झाला, असे कोणी म्हणत नाही. सब्जंक्टिव्हला केवळ ‘संकेतार्थ’ हा प्रतिशब्द योजणे म्हणूनच अपुरे आहे. त्यात विध्यर्थाचा अंश निसटतो.

हे साम्य मर्यादित आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. परोक्त कथनात सब्जंक्टिव्ह योजल्याने, सांगितलेल्या गोष्टीच्या सत्यतेची हमी निवेदकावर येत नसे. जर्मनने ही सोय राखली. मराठीत ‘तो आला म्हणे’ यातील ‘म्हणे’ तेच कार्य करते. इंग्रजीत मात्र तिची जागा घेणारे नियमित क्रियारूप घडले नाही. खरी हानी येथे झाली आहे आणि प्राचीन इंग्रजी कथनाच्या अनुवादात तीच सर्वाधिक जाणवते.

उलट, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ यांसारख्या क्रियापदांनंतरचा ‘दॅट ही बी प्रेझेंट’ हा प्रयोग विसाव्या शतकात अमेरिकी इंग्रजीत बळावला. १९६१ सालच्या मुद्रित मजकुरावर आधारलेल्या ब्राउन व लॉब या भाषासंग्रहांच्या तुलनेत तो ब्रिटिश इंग्रजीपेक्षा अमेरिकी इंग्रजीत ठळकपणे अधिक आढळतो. भारतीय संसदेच्या अधिनियमांच्या इंग्रजी पाठांतील ‘बी इट इनॅक्टेड’ हे सूत्रही याच अर्थाचे आहे. त्याचे साध्या वर्तमानकाळात भाषांतर केल्यास विधानातील आदेश विरतो आणि केवळ माहिती उरते.

सारांश, इंग्रजीत प्रत्यय झिजले, अर्थाची पुनर्विभागणी झाली आणि एका क्षेत्रात मात्र पोकळी राहिली. तुलनाकाराने रूपांची गणती करण्यापेक्षा ही पोकळी कोठे आहे, हे शोधणे अधिक फलदायी ठरेल.