फ्लेशची वीटभिंत : कर्ता की करण?

स्वित्झर्लंडमधील फ्लेश या गावी गांटेनबाइन मद्यशाळेची भिंत २००६ साली उभी राहिली. ‘यंत्रमानवाने बांधलेली भिंत’ असा तिचा उल्लेख होत आला आहे. या प्रयोगातील तृतीया चिंत्य होय. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले, करणाचे साधकतमत्व. मराठीचा ‘-ने’ मात्र दोहोंनाही लागतो. समीक्षेतील घोटाळा येथूनच सुरू होतो, आणि ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दाने तो वाढविला आहे. फ्लेशच्या कामी मानवाकृती असे काहीच नव्हते. होता तो एक यांत्रिक बाहू. (चापेकच्या नाटकातून जगभर गेलेला मूळ चेक शब्द वेठीशी नाते सांगतो, तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.)

इमारत बेआर्थ व देप्लाझेस यांची. भिंतीची योजना फाबियो ग्रामात्सिओ व माथिआस कोलर यांची. सुमारे २०,००० विटांचे ७२ भाग झुरिकच्या तंत्रविद्यापीठात तयार झाले, मालमोटारीने आले आणि यारीने काँक्रीटच्या सांगाड्यात बसले. दर वीट किंचित निराळ्या कोनात वळलेली असल्याने ऊन कमीअधिक परावर्तित होते व दुरून टोपलीत भरलेल्या द्राक्षांचा भास होतो.

या द्राक्षांचे कौतुक फार झाले. वस्तुतः ते या कृतीचे दुबळे अंग होय. मद्यशाळेवर द्राक्षे काढणे पाटी रंगविणाऱ्यासही सुचते. खरे मोल विटांमधील फटींत आहे. त्यांतून आतल्या किण्वनगृहात मंद उजेड झिरपतो, आणि विटांचा थर तापमानाचे चढउतार आवरतो. सांध्याचा विचार तर याहून सूक्ष्म. वीट निराळी वळली की खालच्या विटेशी तिचा स्पर्शही निराळा. म्हणून प्रत्येक विटेवर चिकटद्रव्याच्या चार समांतर रेघा ओढल्या. भारचाचणीत हा सांधा इतका पक्का ठरला की, पूर्वनिर्मित भिंतींत एरवी घालाव्या लागणाऱ्या सळयांची गरजच उरली नाही. इतके कोन ओळंब्याने साधणे गवंड्यास अशक्यप्राय; यंत्राला मात्र सरळ आणि तिरप्या विटेत श्रमाचा भेद नाही.

तथापि गवंडी थर चढविताना भिंत वाचतो, वीट थापीने ठोकून घेतो, प्रसंगी बेत बदलतो. फ्लेशच्या बाहूपाशी असा निर्णय कोणताच नव्हता, तो करणच. याच विद्यापीठातील संशोधकांनी पुढे ड्युबेन्डॉर्फ येथे २०१९ साली पूर्ण झालेल्या घरासाठी फिरते यंत्र योजले. भिंतीची तारजाळी विणताना ते कॅमेऱ्याने तिचे विचलन पाही व पुढील काम त्यानुसार सुधारी. तेथे ‘-ने’चा अर्थ पुन्हा तपासावा लागतो. पण तेही स्वातंत्र्य चूक सावरण्यापुरतेच होते. भिंत तेथे का हवी, हे यंत्राबाहेरच ठरले होते.