गोळ्यांचा गट आधी वाचा : ‘ऑर्बिटा’ चाचणीविषयी

शोधनिबंध हातात आला की आपण आधी निष्कर्ष वाचतो. आज असा एक निबंध घेऊ, ज्यात एवढंच वाचलं तर हमखास फसायला होतं.

विषय आहे स्थिर अंजायना. चालताना, चढ चढताना छातीत दडपण येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. यावरची औषधं दोन प्रकारची. बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट हे मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन हे पुढचा झटका टाळण्यासाठी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये रशा अल-लमी आणि सहकाऱ्यांची ‘ऑर्बिटा’ चाचणी आली. ब्रिटनमधल्या ५ केंद्रांतले २०० रुग्ण, प्रत्येकाची एकच रक्तवाहिनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना स्टेंट बसवला, बाकीच्यांवर फक्त तशी प्रक्रिया केल्याचा देखावा केला. आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं. चाचणीची खरी ताकद इथे आहे, कारण ‘उपचार झाला’ या भावनेनंही छातीतलं दुखणं कमी वाटू शकतं.

सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत फरक निघाला १६.६ सेकंदांचा, आणि तो सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. झालं, बातमी पसरली की स्टेंटचा उपयोग नाही, गोळ्या पुरेत!

थांबा. विश्वासांतर बघा : उणे ८.९ ते ४२ सेकंद. चाचणीची आखणी ३० सेकंदांचा फरक पकडण्यासाठी होती आणि ३० हा आकडा या पट्ट्यातच बसतो. म्हणजे ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढंच म्हणता येतं, ‘फरक नाही’ असं नाही.

आता गोळ्यांकडे या. प्रक्रियेआधी सहा आठवडे सगळ्या रुग्णांचे डोस बसवले गेले. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक ते तीन वेळा फोन करत होते. निबंधात ही गोष्ट ‘पद्धती’त येते, मथळ्यात नाही. पण निष्कर्ष उभा आहे तो याच पायावर.

पुढे २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ आली. यात ३०१ रुग्ण होते आणि त्रास कमी करणाऱ्या गोळ्या बंद करून तुलना केली. या वेळी स्टेंटच्या गटात त्रास स्पष्टपणे कमी झाला. मग पहिली चाचणी खोटी ठरली का? अजिबात नाही. प्रश्नच वेगळा होता. पहिलीनं विचारलं, चांगल्या गोळ्यांवर स्टेंटची भर काय? दुसरीनं विचारलं, गोळ्यांशिवाय स्टेंट काय करतो?

माझी तक्रार पुढची आहे. दक्षिण सोलापुरातल्या आमच्या मंद्रूपचा प्रश्न या दोन्हींत नाही. इथल्या शेतकऱ्याला तज्ज्ञाचा आठवड्याला फोन येणार नाही. त्याची कसोटी ट्रेडमिल नाही, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन चालणं ही आहे. आणि महिन्याची पट्टी संपली की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी थांबते. त्यातही स्टॅटिन घेतल्यानं आज काही जाणवत नाही, म्हणून ती सोडणं सगळ्यात सोपं.

हा नुसता अंदाज नाही. १७ देशांतल्या ‘प्युअर’ अभ्यासानं २०११ मध्ये दाखवलं, की हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी कमी उत्पन्नाच्या देशांत ८०.२ टक्के लोक प्रतिबंधाचं एकही सिद्ध औषध घेत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ११.२ टक्के होतं. कमी उत्पन्नाच्या गटात तेव्हा भारतही होता. मग ‘गोळ्या पुरेत’ हे वाक्य इथे जसंच्या तसं कसं लावायचं? आणि गोळ्या मिळत नाहीत म्हणून ‘सरळ स्टेंट टाका’ हेही उत्तर नव्हे, कारण स्टेंटनंतरही गोळ्या घ्याव्याच लागतात.

म्हणून संशोधन आराखडा लिहिण्याआधी तुलनेचा गट वेगळ्या कागदावर उतरवा : कोणती औषधं, किती आठवडे, आठवण कोण करतं, खर्च कोणाचा. मग तो कागद आपल्या तालुक्याशेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे तुमचा संशोधन प्रश्न आहे.

एक सूचना : हे वाचून कुणाच्या गोळ्या बंद करू नका. आणि बसल्याजागी छातीत दुखायला लागलं, तर तो आजार ‘स्थिर’ राहिलेला नाही, लगेच दवाखाना गाठा.