जिवंत, की नुसता श्वास?

ज्या संगीतात गायक गाण्याऐवजी गर्जना करतो, त्याची चर्चा वाङ्मयीन मासिकात कशाला, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु रसविचार ज्यांस प्रिय आहे त्यांनी तरी या गर्जनेकडे पाठ फिरवू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टफील्ड येथील ‘किलस्विच एंगेज’ या वादकमंडळाचा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ हा दुसरा ध्वनिमुद्रित गीतसंग्रह मे २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तू जिवंत आहेस, की तुझा नुसता श्वास चालला आहे, हा प्रश्न त्याच्या नावातच आहे. आणि संग्रहाची योग्यता ठरवावयाची ती याच प्रश्नावरून.

या संगीतप्रकारास मेटलकोअर म्हणतात. हार्डकोअर पंक या रांगड्या, निषेधाच्या संगीताचा आणि हेवी मेटलच्या जड गिटारींचा तो संकर होय. द्रुत लयीत चाललेले गीत एकाएकी मंदावते आणि सारी वाद्ये मिळून घणाचे घाव घालू लागतात. या त्याच्या ठरलेल्या विशेषास ‘ब्रेकडाऊन’ असे नाव आहे. हा संकर या मंडळाने प्रथम केला असे नाही. त्यातील माईक डी’अँटोनिओ हे पूर्वी ‘ओव्हरकास्ट’मध्ये आणि अ‍ॅडम ड्युटकीविच व जोएल स्ट्रोएट्झेल हे ‘आफ्टरशॉक’मध्ये वाजवीत, आणि ती मंडळेही याच वळणाची होती. तेव्हा प्रस्तुत संग्रहास जनकत्वाचा मान देता येणार नाही. त्याचे श्रेय निराळे आहे.

परस्परविरोधी रस लागून आले असता मध्ये तिसरा रस योजावा, म्हणजे विरोध मावळतो, असे आनंदवर्धनाने सांगितले आहे. जेसी लीच या गायकाच्या कंठात रौद्र आणि करुण असेच लागून येतात. ‘फिक्सेशन ऑन द डार्कनेस’ किंवा ‘माय लास्ट सेरेनेड’ ऐकावे. गर्जना संपून ध्रुवपदात मोकळा, गाता आवाज उमटतो; पण खालच्या गिटारी मवाळ होत नाहीत. त्यामुळे ते ध्रुवपद म्हणजे संतापानंतरची विश्रांती न वाटता संतापातूनच निघालेला निश्चय वाटतो. दोहोंस जोडणारा तिसरा रस येथे वीर आहे आणि उत्साह हा त्याचा स्थायीभाव आहे. ‘सेल्फ रिव्होल्यूशन’, ‘राइज इनसाइड’ ही शीर्षकेच त्याची साक्ष देतात. त्या काळी बाजारात चलती असलेल्या ‘न्यू मेटल’मध्ये आत्मपीडेचे प्रदर्शन फार होते, हा संग्रह पीडेशी थांबत नाही.

रचनेच्या बाजूने ड्युटकीविच यांचा वाटा मोठा आहे. ध्वनिमुद्रणाची सूत्रे त्यांच्या हाती होती आणि ड्रमही त्यांनीच वाजविले. अंतिम ध्वनिमिश्रण इंग्लंडमधील अँडी स्नीप यांनी केले. एवढ्या कल्लोळातही प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि दोषही सांगितले पाहिजेत. ‘टेम्पल फ्रॉम द विदिन’ आणि ‘व्हिडे इन्फ्रा’ ही गीते २००० सालच्या पहिल्याच संग्रहातून पुन्हा घेतलेली आहेत. शब्दरचना बहुधा अमूर्त आहे. अंधार, सत्य, ऐक्य असे मोठे शब्द येतात, पण डोळ्यांपुढे चित्र क्वचितच उभे राहते. उत्तरार्धात तर तोच साचा वारंवार भेटतो.

परंतु याहून गंभीर आक्षेप संग्रहाबाहेरच्या घटनेवरून घेता येईल. प्रकाशनानंतर त्याच वर्षी लीच यांनी मंडळ सोडले. गळा जायबंदी झाला होता आणि मनाला विषादाने ग्रासले होते. इतरांस उठण्याचा उपदेश करणारा स्वतःच कोसळला. मग तो उत्साह पोकळ होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या पायाखालची जमीन भक्कम आहे त्याने धैर्याचे गाणे गावे, यात नवल कसले? लीच यांच्या स्वरात जी निकड आहे, ती तोल सावरू पाहणाऱ्याची आहे. त्यांचा पाडाव कळल्यावर नावातला प्रश्न अधिकच खरा वाटू लागतो.

मंडळास मोठे लौकिक यश लाभले ते हॉवर्ड जोन्स या नव्या गायकासह. २००४ सालचा ‘दि एंड ऑफ हार्टेक’ हा संग्रह अमेरिकेच्या मुख्य विक्रीसूचीत एकविसाव्या स्थानी अवतरला आणि त्यातील शीर्षकगीतास ग्रॅमीचे नामांकन मिळाले. जोन्स यांचा आवाज अधिक भरदार व कमावलेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या पायावर ही इमारत उठली तो पाया दुसऱ्या संग्रहाचा. पुढे गर्जनेचे कडवे आणि सुरेल ध्रुवपद हा अनेक अनुकरणकारांचा हुकमी ठोकळा झाला. त्यांनी दोन रस उचलले, मधला तिसरा मात्र सोडून दिला. म्हणून त्यांचे ध्रुवपद औषधाच्या कडू मात्रेवर चाटविलेल्या मधासारखे लागते.

लीच २०१२ मध्ये मंडळात परतले आणि २०१३ मध्ये ‘डिसार्म द डिसेंट’ हा संग्रह त्यांच्या आवाजात निघाला. दहा वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गायकाने आपल्या आयुष्याने दिले, असे म्हणावयाचा मोह होतो. पण कलाकृतीस अशा पुराव्याची गरज नसते. तिचे उत्तर त्या २००२ सालच्या ध्रुवपदांतच आहे, आणि ते आजही श्वासापुरते नाही.