गिऱ्हाइकाविना रॉक अँड रोल

'आशा' (1957) चित्रपटातलं 'ईना मीना डीका' म्हणजे अमेरिकेची उचलेगिरी, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. युद्धोत्तर सुबत्तेत तिकडच्या पोरांच्या खिशात स्वतःचा पैसा आला. मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या तबकड्या, नाच, बंड, सगळं त्या खिशावर उभं होतं. इकडे धरमपेठेतल्या कॉलेजकुमाराचा खिसा वडिलांचाच! रेडिओही घरात असलाच तर एक. नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडेही शिकलेल्या सी. रामचंद्रांनी मग ठेका घेतला, बंड गाळलं. निरर्थक बोलांत कोंकणी शब्दही मिसळले. बापलेकांनी शेजारी बसून ऐकावं असं हे गाणं. किशोरकुमार त्यात धुमाकूळ घालतो, पण घरच्यांशी भांडत नाही.